पाठकोरा कागद

ॲबरिस्टविथ, वेल्स
११ जानेवारी २०२५

ती. आत्या,

नमस्कार. फोनवर तू "काय ते लिहून पाठव" म्हणालीस आणि फोन ठेवलास, म्हणून लिहिते आहे.

ग्रंथालयात माझी नेमणूक राजकीय कागदपत्रांच्या विभागात झाली हे तुला माहीत आहे. आता मला नेरिस मॉर्गन या लेखिकेच्या मदतीला दिलं आहे. त्या एम्रिस प्रॉदरोंचं चरित्र लिहीत आहेत. हो, तुझेच प्रॉदरो. त्यांनी बावीस खोके भरून आपले कागद ग्रंथालयाला दिले आणि ते लावायचं काम माझ्या वाट्याला आलं. माझी आत्या चाळीस वर्षांपूर्वी ओमानमध्ये इब्रीला त्यांच्याबरोबर कामाला होती असं मी सांगितलं, तेव्हा नेरिसबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

तुला त्यांची हकिगत तुकड्यातुकड्यांनी ठाऊक आहे. सलग अशी आहे. पोस्टमनचा मुलगा. घरात वेल्श, शाळेत इंग्रजी. ओमानहून परत आल्यावर तीन वर्षं कोणी मास्तर म्हणून घेतलं नाही, तेव्हा दुधाचा टँकर चालवला आणि संध्याकाळी मोठ्या माणसांना वेल्श शिकवलं. सत्त्याण्णव साली वेल्सला स्वतःचं सभागृह हवं का, असा कौल घेतला तेव्हा हे दारोदार फिरले. अगदी काठावर होकार मिळाला. पहिल्याच निवडणुकीत निवडून आले, मग शिक्षणमंत्री झाले. पक्षाच्या नेतेपदाला एकदा हरले, दुसऱ्यांदा जिंकले आणि साडेचार वर्षं वेल्सचं सरकार चालवलं. लंडनने हातात दिलेल्या गोष्टी मोजक्याच: शाळा, दवाखाने, रस्ते, शेती. तेवढ्यात त्यांनी बरंच केलं. गावाची बैठक घेतल्याशिवाय खेड्यातली शाळा बंद करायची नाही, हा नियम त्यांचा. दुसरा एक बारीकसा नियम आता कोणाच्या लक्षातही नाही. सरकारी चौकशीत कनिष्ठ कर्मचाऱ्याला एकट्याला बसवून जबाब घ्यायचा नाही, त्याच्या पसंतीचं एक माणूस शेजारी हवं. यावर ते सभागृहात तीन वेळा उभे राहिले होते. का, ते कळत नाही.

पहिल्यांदा हरले ते ओमानमुळे. मतदानाला आठ दिवस राहिले असताना एका वर्तमानपत्राने छापलं की शिक्षणमंत्र्यांना १९८५ साली आखातात प्रश्नपत्रिका फोडल्याबद्दल काढून टाकलं होतं. त्यांनी एका वाक्यात उत्तर दिलं: "कपाटाची किल्ली माझ्याकडे होती, म्हणून जबाबदारी माझी." त्यापुढे आजवर एक शब्द नाही. बावीस खोक्यांत ओमानची फाइल एकच आणि तीही बारीक. तू तिथे होतीस. आठवेल ते सगळं लिही.

आणि तुझ्या पत्राची मागची बाजूही मी वाचते बरं का. मागच्या खेपेला सुपरमार्केटमधल्या कांद्याचे भाव निघाले.

तुझी,
अंतरा


अझैबा, मस्कत
२७ जानेवारी २०२५

चि. अंतरा,

आशीर्वाद. पत्र आशुतोषच्या ऑफिसच्या पोस्टबॉक्समध्ये चार दिवस पडून होतं. मी दोनदा आठवण केली तेव्हा चिरंजीवांनी आणलं.

पाठकोऱ्या कागदाची चेष्टा करू नकोस. एका बाजूने कोरा असलेला कागद फेकून देणं हा माज आहे. माझं एम. ए. अशाच कागदांवर झालं.

आता इब्री. शिरीष तिथे एका बांधकाम कंपनीत सर्व्हेअर होते. कंपनीने आपल्या उमेदवारांसाठी प्रशिक्षण केंद्र काढलं होतं. म्हणजे तीन पत्र्याच्या केबिन आणि एक खजुराचं झाड. इंग्रजीची परीक्षा पास झाल्याशिवाय बढती नाही, असा कंपनीचा नियम. मी तिथे टायपिस्ट होते. राज्यशास्त्राची पदवी ट्रंकेत आणि मी टाइपरायटरवर. प्रॉदरो इंग्रजी शिकवायचे. वय सव्वीस, नाक उन्हाने सोललेलं. दर गुरुवारी बाजारात जाऊन मोडक्या अरबीत भाव करायचे आणि दुकानदारांना ते इतकं आवडायचं की ते मुद्दाम भाव चढवून सांगायचे.

आमचं भांडण व्हायचं ते वेल्सवरून. एकोणऐंशी सालच्या कौलात त्यांच्याच लोकांनी स्वतःच्या सभागृहाला चारास एक नकार दिला होता. मी म्हणायचे, लोकांनाच नको तर तुम्ही कशाला रडता. ते म्हणायचे, लोकांना अजून कोणी नीट विचारलेलंच नाही. एकदा मी सांगितलं, "वरच्याने दिलेली सत्ता म्हणजे सासूने सुनेला दिलेली कपाटाची किल्ली. आत काय ठेवायचं ते सासूच ठरवते." हे त्यांनी वहीत उतरवून घेतलं आणि म्हणाले, "पण किशोरी, एकदा किल्ली हातात आली की सून कपाट उघडणारच ना?" मी हे लिहीत असताना आमच्या सूनबाईने, देविकाने, मागून वाचलं आणि म्हणाली, "आई, मला तर अजून किल्लीसुद्धा नाही." तिला कामाला लावलं आहे.

परीक्षेच्या प्रकरणाबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. मी टायपिस्ट होते. चौकशी केंद्राचे व्यवस्थापक जहूरसाहेब यांनी केली. प्रॉदरो आठवड्याभरात गेले. माणूस चांगला होता, शिस्तीत कमी होता. एवढं पुरे.

आपल्या मराठी मंडळाने एक मे रोजी 'मी पाहिलेला नेता' या विषयावर माझं भाषण ठेवलं आहे. प्रॉदरोंवरच बोलणार आहे. ते सरकारचे प्रमुख झाले तेव्हाचं वर्तमानपत्रातलं छायाचित्र मी मंडळाला फ्रेम करून दिलं होतं, ते अजून ग्रंथालयाच्या कपाटावर आहे. साडेचार वर्षांच्या कारकिर्दीचे मुद्दे काढून पाठव. नीट, तारखांसह.

आत्या


ॲबरिस्टविथ
१६ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या,

मुद्दे सोबत जोडले आहेत, तारखांसह.

गेल्या आठवड्यात मी नेरिसबाईंबरोबर प्रॉदरोंच्या घरी गेले होते. इथून तासाभरावर, खेड्यात, शाळेच्या समोर. ही तीच शाळा, जी त्यांच्या नियमामुळे वाचली. पत्नी वारल्यापासून एकटेच असतात. त्यांनी स्वतः चहा केला, तो अगदी वाईट होता. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी किटली खाली ठेवली. मग विचारलं, "किशोरी ठीक आहेत का?" मी तुझं सगळं सांगितलं. शिरीषकाका गेल्याचं, आणि तू मस्कतच्या शाळेत बावीस वर्षं परीक्षांचं काम पाहिलंस तेही. शेवटचं ऐकून त्यांनी मान हलवली. निघताना म्हणाले, "दिवाळीला त्या गोल गोल काटेरी काहीतरी करायच्या. तसं पुन्हा कधी खायला मिळालं नाही." मी म्हटलं, चकली. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

आता एक गंमत. गंमत तरी कसं म्हणू. ओमानच्या फाइलमध्ये एकच महत्त्वाचा कागद सापडला. सायक्लोस्टाइल केलेलं फुलस्केप पान, शाई जरा फिसकटलेली, मागची बाजू कोरी. ती १९८५ च्या परीक्षेची प्रश्नपत्रिका आहे. निबंधाचा विषयसुद्धा वाचता येतो: 'माझ्या गावची विहीर'. आणि त्या पानावर तेलाचे डाग आहेत, तीन-चार, वाटोळे, वेटोळ्यासारखे. नेरिसबाई तो कागद बराच वेळ उजेडात धरून पाहत होत्या. तुझ्याकडे टायपिंगला आलेली हीच प्रत का? काही आठवतं?

तुझी,
अंतरा


अझैबा
१ मार्च २०२५

अंतरा,

मुद्दे मिळाले. मला काही आठवत नाही. चाळीस वर्षांत कागदावर कसलेही डाग पडतात.

तो कागद आजवर कोणी कोणी पाहिला, ते कळव. प्रॉदरो त्याबद्दल काय म्हणाले तेही कळव. आणि तुमच्या त्या पुस्तकात माझं नाव घालायची गरज नाही. मी तिथे कोणी महत्त्वाची नव्हते.

तब्येत बरी नाही म्हणून आटोपतं घेते.

आत्या


ॲबरिस्टविथ
१४ मार्च २०२५

ती. आत्या,

तुझं पत्र इतकं छोटं कधीच नसतं. काळजी वाटली म्हणून आशुतोषदादाला फोन केला. तो म्हणाला, तब्येत ठणठणीत आहे, फक्त बोलत नाही, आणि कपाटं आवरते आहे.

तू विचारलंस म्हणून सांगते. तो कागद नेरिसबाईंनी आणि मी, दोघींनीच पाहिला आहे. पण आता तो सगळे पाहणार. नेरिसबाईंचा निष्कर्ष असा: प्रश्नपत्रिका प्रॉदरोंच्याच सामानात सापडली आणि तिच्यावर जेवणाचे डाग आहेत, म्हणजे ती कुलपाबाहेर त्यांनीच काढली, कोणाबरोबर तरी बसून, खाताखाता. चाळीस वर्षं ते गप्प राहिले त्याचं कारण एकच, आरोप खरा होता. पुस्तकात तसं येणार, कागदाच्या छायाचित्रासह. छापखान्यात जायची तारीख दहा एप्रिल.

त्यांना आधी सांगणं आमचं कर्तव्य होतं म्हणून पुन्हा गेलो. नेरिसबाईंनी स्पष्ट विचारलं. ते खिडकीतून शाळेकडे बघत म्हणाले, "तुम्हाला जे दिसतं ते लिहा." बाईंनी विचारलं, नाकारायचं नाही का? "माझ्याकडे सांगण्यासारखं आहे, पण ते माझं नाही," एवढंच उत्तर. बाईंना ती पळवाट वाटली. खरं सांगते, मलाही वाटली.

समोरच्या शाळेच्या नव्या सभागृहाला त्यांचं नाव द्यायचं ठरत होतं. आता समिती म्हणते, पुस्तक येऊ दे, मग बघू. प्रश्नपत्रिका फोडणाऱ्याचं नाव शाळेला कसं देणार?

तुला पुस्तकातून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. तुझं एक मेचं भाषण आता अवघड होणार. मला वाईट वाटतं, आत्या.

अंतरा


अझैबा
२३ मार्च २०२५

चि. अंतरा,

हे पत्र कुरिअरने पाठवते आहे. स्वतः टॅक्सी करून गेले. घरात कोणाला दिलेलं नाही. पूर्ण वाच, मग नेरिसबाईंना इंग्रजीत करून दे. काही गाळू नकोस आणि मऊ करू नकोस.

प्रश्नपत्रिका माझ्यामुळे फुटली.

त्या साली दिवाळी बारा नोव्हेंबरला होती आणि परीक्षा सोळाला. स्टेन्सिल मी कापली, प्रती मी काढल्या. सायक्लोस्टाइलवर सुरुवातीची वीस-पंचवीस पानं नेहमी खराब येतात, शाई फिसकटते. नियम असा होता की खराब पानं केबिनमागच्या पिंपात जाळायची आणि शिक्षकाने रजिस्टरमध्ये 'जाळली' म्हणून सही करायची. पानं जाळायची मी, सही करायचे प्रॉदरो. ते कधीच बघायला येत नसत. मी "झालं" म्हटलं की सही. माझ्यावर त्यांचा विश्वास होता आणि मला त्याचा अभिमान होता.

ती पानं मी जाळली नाहीत. चांगला जाड फुलस्केप, मागून स्वच्छ कोरा. जाळवेना. पिशवीत घालून घरी आणली. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, हे तू मानशील. कोणी मानलं नाही तरी माझी तक्रार नाही.

दिवाळीला आम्ही मेसमधल्या एकट्या राहणाऱ्या लोकांना फराळ पाठवत असू. चकल्या मी त्या पानांत बांधल्या. कोरी बाजू चकलीकडे आणि छापलेली बाहेर, कारण शाई पोटात जायला नको. केवढी मी स्वच्छतेची. शिरीष ते पुडे मेसवर देऊन आले. एक पुडा मी स्वतः प्रॉदरोंच्या हातात दिला. त्यांनी तो न सोडता बॅगेत टाकला.

सोळा तारखेला अकरा उमेदवारांनी विहिरीवर जवळजवळ एकच निबंध लिहिला. सुफियान नावाचा हुशार मुलगा होता, तो मेसवर जेवायला जायचा. त्याने पान वाचलं आणि बाकीच्यांना सांगितलं. हे मला कळलं ते क्लेमेंटकडून. क्लेमेंट वसईचा, स्टोअरकीपर. चौकशी लागली त्या सकाळी तो मशीनपाशी आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बाय, तुमच्या पुडीचा कागद होता तो. मी बाकीचे फाडून टाकले. मी काय बोलणार नाय. तुम्ही काय ते बघा." तो पुढे कधीही बोलला नाही. माझ्याशीसुद्धा नाही.

म्हणजे जहूरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. हे नीट लिहून घे. मला सगळं माहीत होतं. तासभर त्यांनी मला एकटीला बसवलं. खराब पानांचं काय होतं, असं विचारलं. मी जबाब लिहून दिला. 'पाने नष्ट करण्याची जबाबदारी शिक्षकाची असते. रजिस्टरवर श्री. प्रॉदरो यांची सही आहे. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असते.' खाली माझी सही. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. ती वाक्यं मी खुर्चीत बसल्याबसल्या इतकी नीट जुळवली होती. चाळीस वर्षं मला त्याचीच लाज वाटते आहे. घाबरून खोटं बोलले असते तर निदान घाबरले म्हणून सांगता आलं असतं.

घरी आल्यावर शिरीषना सांगितलं. ते म्हणाले, "आता गप्प बस. दुसरी नोकरी धरायला लागणारी एनओसी कंपनीच्या हातात आहे. बाहेर काढलं तर दोन वर्षं या देशात पाऊल ठेवता येणार नाही." आशुतोष तेव्हा आठ महिन्यांचा होता. नवऱ्याने गप्प बसवलं असं मी आज लिहू शकते, आणि ते उत्तर द्यायला इथे नाहीत. पण ते खरं नाही. त्यांनी सांगायच्या आधीच मी सही करून आले होते.

प्रॉदरो निघाले त्या दिवशी मी रजा घेतली. अकरा उमेदवारांची बढती अडली. सुफियानला घरी पाठवलं. त्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे. मस्कतला आलो, मी शाळेत लागले आणि बावीस वर्षं परीक्षांचं काम केलं. यशश्री आमच्या शाळेत तुझ्याच वर्गात होती. तिच्या कंपासपेटीत चिठ्ठी सापडली तेव्हा तिची आई माझ्या दारात उभी राहून रडली. मी तिला म्हणाले, नियम तो नियम. त्या मुलीचं वर्ष गेलं. तू तेव्हा मला म्हणाली होतीस, "आत्या, तुझं कधीच काही चुकलं नाही का?" तुला मी अंगठे धरून उभं केलं होतं.

आणि ते छायाचित्र. वर्तमानपत्राने त्यांच्यावर चिखल उडवला ती बातमी मी इथे वाचली होती. त्यांचं ते एक वाक्यही वाचलं. किल्लीबद्दलचं. ते माझ्या जबाबातलंच वाक्य होतं. तरी मी लिहिलं नाही. ते जिंकल्यावर मात्र छायाचित्र फ्रेम करून मंडळाला दिलं आणि सगळ्यांना सांगत सुटले की हा माणूस माझ्याबरोबर होता.

पुस्तकात माझं पूर्ण नाव घाला.

आत्या


ॲबरिस्टविथ
३ एप्रिल २०२५

ती. आत्या,

पत्र मिळालं त्या दिवशी मी कामावर गेले नाही. तुला राग येईल, पण खरं लिहिते. मला आधी यशश्री आठवली, प्रॉदरो नंतर. ती पुण्यात माझ्याबरोबर कॉलेजला नव्हती, कारण ती एक वर्ष मागे होती. बाकी मी काही बोलत नाही.

गाळलं नाही, मऊही केलं नाही. नेरिसबाईंनी इंग्रजी दोनदा वाचलं. मग म्हणाल्या की छापखान्याची तारीख पुढे ढकलून त्यांना प्रकरण नव्याने लिहावं लागेल, आणि कागदाच्या छायाचित्राकडे बघत पुढे म्हणाल्या, "मी याला जेवण म्हटलं. एवढे नीट गोल डाग जेवणाचे कसे असतील, हे मला कळायला हवं होतं."

मग आम्ही त्यांच्याकडे गेलो. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. "झालं म्हटलं की सही" इथे ते हसले. बाकी सगळं डोळे मिटून ऐकलं.

त्यांना माहीत होतं, आत्या. पण तिथे असताना नाही. तुझा पुडा त्यांनी विमानात सोडला. भूक लागली म्हणून चकली काढली आणि कागद वाचला. मला म्हणाले, "लंडनपर्यंत मला इतका राग होता की मी त्याच कागदाच्या पाठीवर कंपनीला पत्र लिहिणार होतो. पेन काढलं होतं."

मी विचारलं, मग का नाही लिहिलं? त्यांचं उत्तर जसंच्या तसं लिहिते.

"त्या दिवशी किशोरी जहूरच्या केबिनमधून बाहेर आल्या आणि सरळ टाइपरायटरवर जाऊन बसल्या. खूप वेगात टाइप करत होत्या. मी जवळून गेलो तेव्हा पाहिलं, मशीनमध्ये कागदच नव्हता. विमानात मला ते आठवलं. मला निदान जायला घर होतं. म्हटलं, त्या शांत झाल्या की स्वतःच लिहितील."

नंतर त्यांनी आणखी एक सांगितलं. तू मऊ करू नकोस म्हणालीस म्हणून हेही लिहिते. "मला साधू करू नका. नेतेपदाला हरलो त्या दिवशी मी तो कागद काढून टेबलावर ठेवला होता. माझ्या बायकोने तो उचलून परत फाइलमध्ये ठेवला. आणि ग्रंथालयाला खोके दिले तेव्हा तो कागद आत राहू दिला, तो मुद्दामच. मला वाटलं, आता तरी कोणीतरी विचारेल. मला जाहीर काही नको होतं. एक पोस्टकार्ड पुरलं असतं."

चौकशीत शेजारी माणूस हवं, हा नियम त्यांनी तीन वेळा उभं राहून का लावून धरला, ते आता नेरिसबाईंनाही कळलं आहे.

त्यांचं म्हणणं, पुस्तकात 'एक टायपिस्ट' एवढं लिहिलं तरी चालेल, नाव नको. नेरिसबाईही तयार आहेत. उत्तर लगेच कळव. फोनवर कळवलंस तरी चालेल.

अंतरा


अझैबा, मस्कत
४ मे २०२५

श्री. एम्रिस प्रॉदरो यांस,

हे मराठीत लिहिते आहे. अंतरा तुम्हाला वाचून दाखवेल. तुमच्या इंग्रजीत मी एकदा सही केली आहे, पुन्हा त्या भाषेत मोजून-मापून लिहिलं जाईल अशी भीती वाटते.

अंतराचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी तिला फोनवर सांगितलं की नाव पूर्ण छापायचं. 'एक टायपिस्ट' म्हटलं तर वाचणाऱ्याला ती बिचारी वाटेल. मी बिचारी नव्हते. मी शिकलेली होते आणि काय करते आहे हे मला समजत होतं.

मुलाला आणि सुनेला सांगितलं. मुलगा म्हणाला, "आई, इतक्या वर्षांनी कोणाला काय फरक पडतो?" सून उठली. तिने माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि शेजारी बसली. तुमचा नियम तिला माहीत नाही, पण तिने तो पाळला.

एक मे रोजी मंडळात माझं भाषण झालं. विषय बदलला नाही. तुमची कारकीर्द तारखांसह सांगितली, आणि मग इब्रीचं. सभागृहात ऐंशी-नव्वद माणसं होती, त्यात माझ्या हाताखालून गेलेले कितीतरी विद्यार्थी. टाळ्या झाल्या नाहीत, ते बरं झालं. एक बाई उठून गेल्या. त्यांच्या मुलाला मी एकदा परीक्षेच्या दालनातून बाहेर काढलं होतं. अध्यक्षांनी आभार मानताना माझ्या धैर्याचा उल्लेख केला. मी माइक मागून घेतला आणि सांगितलं की धैर्य चाळीस वर्षांपूर्वी लागत होतं, आता फक्त वय लागतं. तुमचं छायाचित्र तिथेच आहे. खाली मी दिल्याची पट्टी होती, ती काढायला लावली.

सुफियानचा शोध घेते आहे. इब्रीला जाऊन आले. बाजारात त्याला ओळखणारं एक दुकान सापडलं. तो बरीच वर्षं समुद्रकाठच्या सहम गावी शेती करत होता म्हणतात. पुढच्या आठवड्यात आशुतोष मला घेऊन जाणार आहे. भेटला तर काय बोलायचं, ते ठरवलेलं नाही. या वेळी वाक्यं आधी जुळवून जाणार नाही. यशश्रीचा पत्ता अंतराने दिला आहे. ते पत्र मात्र अजून सुरू करता आलेलं नाही.

तुम्ही पोस्टकार्डाची वाट पाहिलीत, असं अंतराने लिहिलं. इब्रीच्या पोस्टात त्या वर्षी मी पोस्टकार्ड घेतलं होतं. तुमचा पत्ता घातला, तिकीट लावलं. मजकूर लिहिला नाही. मग कार्ड वाया जायला नको म्हणून मागच्या बाजूवर वाणसामानाची यादी केली. मी अशी आहे.

माझ्यामुळे तुमची नोकरी गेली, तीन वर्षं गेली, एक निवडणूक गेली. मी ते जाणूनबुजून होऊ दिलं. मला क्षमा करा असं म्हणत नाही. ते मागायची वेळ मी माझ्या हाताने घालवली. झालं ते मी केलं, एवढं तुम्हाला माझ्याकडून कळायला हवं होतं.

सोबत डब्यात चकल्या आहेत. दिवाळी नाही, तरी केल्या. डबा प्रवासात उघडेल म्हणून आत कागदात बांधल्या आहेत. कागद दुकानातून नवा आणला, दोन्ही बाजूंनी कोरा.

किशोरी शिरीष आगाशे